इंजिनिअर भाचा पुण्यात क्विझ जिंकायचा, आता मास्टर्सला अमेरिकेत आहे आणि तिथल्या क्विझ बोलमध्ये, म्हणजे चार-चार जणांच्या दोन संघांच्या बझर क्विझमध्ये, सगळे त्याच्या आधी बझ करतात. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत बझरचा वेग कसा वाढवावा?

बझरचा वेग वाढवायचा नसतो. आठही खेळाडूंची बोटं सारखीच चपळ असतात. तुमच्या भाच्याला जे पाचव्या ओळीत कळतं ते समोरच्याला दुसऱ्या ओळीत कळतं, एवढंच. टॉसअप, म्हणजे आधी बझर दाबेल त्याने उत्तर द्यायचा प्रश्न, अवघडाकडून सोप्याकडे उतरत येतो, त्यामुळे हरणाऱ्याला कायम वाटत राहतं की "मलाही येत होतं, बोट उशिरा पडलं". नाही. ज्ञान उशिरा पोचलं.

तुम्ही लिहिलंय की त्याला मित्रांनी "तिकडे सगळी घोकंपट्टी चालते" असं सांगितलंय. हे वाक्य मी पुण्याच्या क्विझवाल्यांकडून इतकं ऐकलंय की त्याचं उत्तर आधी देतो.

एका सराव सामन्यात मी प्रश्न वाचत होतो. टॉसअप लढाईवरचा होता. पहिल्या ओळीत फक्त एवढंच की लढाईआधी विजयी सैन्याने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यापुढे हरलेल्या बाजूच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान, मग कुंजपुरा, मग विश्वासरावांचा मृत्यू, आणि शेवटी अब्दाली, मराठे, १७६१. एका संघात एक मराठी मुलगा होता. "बागपत" शब्द संपायच्या आत त्याने बझ केलं. खोलीत तेवढं कुणालाच येत नव्हतं. उत्तर दिलं, "पानिपत."

मी म्हणालो, "प्रॉम्प्ट." म्हणजे उत्तर दिशेला बरोबर आहे, पण पुरेसं नाही. काय कमी आहे ते वाचणाऱ्याने स्वतःहून सांगायचं नसतं. मुलगा चिडून पुन्हा म्हणाला, "पानिपत!" तेच उत्तर दुसऱ्यांदा आलं की चूक. प्रश्न संपायच्या आधी चुकल्याचे वजा ५, म्हणजे नेग. समोरच्या संघाला उरलेला प्रश्न शेवटपर्यंत ऐकायला मिळाला, त्यांनी निवांत "पानिपतची तिसरी लढाई" सांगितलं, १० गुण घेतले आणि वर बोनसही, म्हणजे टॉसअप जिंकणाऱ्या संघालाच मिळणारे जादा प्रश्न, त्यांचाच. गणित मांडा: बरोबर आलं असतं तर पॉवरचे, म्हणजे फार लवकर बरोबर बझ केल्याचे, १५ आणि बोनसचे ३० पर्यंत. झालं काय, तर वजा ५ आणि त्यांना ४० पर्यंत. एका शब्दासाठी जास्तीत जास्त नव्वद गुणांची उलथापालथ.

मुलाचं म्हणणं होतं की पानिपत म्हटलं की कुठलं ते सांगावं लागतं का. आपल्याकडे नाही लागत. पॅकेटमध्ये, म्हणजे सामन्याच्या प्रश्नसंचात, लागतं, कारण तिथे १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन लढाया आहेत. "तिसरी" किंवा "१७६१ ची" एवढं पुरलं असतं. म्हणून सरावात पहिली सवय ही लावायची: लढाई, तह, राजा, पोप, सिंफनी, यांचं उत्तर कधीही क्रमांकाशिवाय किंवा सालाशिवाय द्यायचं नाही. नॅक्ट (NAQT) ही क्विझ बोल भरवणारी एक संस्था, तिच्या नियमात बझ केल्यावर उत्तर सुरू करायला २ सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत नेमका आकडा आठवत बसता येत नाही, तो उत्तराला आधीच चिकटलेला हवा.

आता घोकंपट्टीबद्दल. तो सामना बघायला पुण्यातला एक जुना क्विझर बसला होता, त्याने लगेच निकाल दिला: बघा, यांना पाठ केलेलं उत्तर हवं, आमच्याकडे डोकं लागतं. हा वाद आमच्यात अजून चालू आहे. माझं म्हणणं असं. घोकणारा "इब्राहिमखान गारदी म्हणजे पानिपत" असं कार्ड पाठ करतो आणि नाव ऐकताच हात मारतो. पण गारदी उदगीरलाही होता, १७६० साली. प्रश्न उदगीरचा निघाला तर हा घोक्या वजा ५ वर जातो. बागपतला बझ करायला मोहीम वाचलेली असावी लागते. आपल्या क्विझमध्ये प्रश्नातच सगळे धागे दिलेले असतात, ते जुळवायला वेळ मिळतो, पाउन्स, म्हणजे आपली पाळी नसताना दिलेलं उत्तर, लिहून देता येतो. ते कसब खरं आहे, मला आवडतंही. पण ज्याला वाचनाच्या जोरावर दुसऱ्या ओळीत उत्तर येतं त्याला पाठांतरवाला म्हणणं ही हरल्यावरची सारवासारव आहे.

भाच्याच्या अडचणीचं खरं कारण बहुधा विषयवाटपात आहे. एसीएफ (ACF) या दुसऱ्या संस्थेच्या पॅकेटमधले २० टॉसअप साधारण असे असतात: साहित्य ४, इतिहास ४, विज्ञान ४, कला ३, आणि धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान, सामाजिक शास्त्रं, भूगोल-इतर यांचा एकेक. विज्ञानाच्या चारात भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र यांचा एकेक. म्हणजे इंजिनिअर म्हणून त्याची हक्काची जागा २० पैकी तीन-चार प्रश्नांपुरती. सिनेमा, क्रिकेट, ब्रँडचे लोगो, ज्यावर पुण्यात अर्धी क्विझ निघते, त्याला तिथे जवळपास जागाच नाही. नॅक्टमध्ये खेळ आणि मनोरंजन थोडं असतं, पण तेही बहुतेक अमेरिकन.

सराव असा करावा. बरीच जुनी पॅकेट्स नेटवर फुकट आहेत, क्यूबी रीडर या वेबसाइटवर ती शब्द-शब्द उलगडत खेळताही येतात. पण नुसतं खेळून फरक पडत नाही. गेलेल्या प्रत्येक टॉसअपला आपल्याला कुठल्या ओळीत कळलं तिथे खूण करायची आणि त्याच्या आधीच्या ओळीत जी गोष्ट होती ती मुळातून वाचायची. कादंबरीतल्या पात्राचं नाव आलं असेल तर निदान ते प्रकरण वाचा, चित्र असेल तर चित्र उघडून दोन मिनिटं बघा. कार्डं त्यानंतर. उलटं केलं की गारदी-पानिपत होतं. आणि स्वतः प्रश्न लिहायला लागा; पहिल्या ओळीत बसेल अशी एकमेव ठरणारी गोष्ट शोधताना जे वाचलं जातं ते विसरत नाही.

संघाची बोनसची सरासरी बघा. ३० पैकी १५ च्या खाली असेल तर बझरची चर्चा बंद करा, संघाला ज्ञानच कमी पडतंय. चौघांनी विषय वाटून घ्या, दोन विज्ञानवाले एका संघात म्हणजे एक खुर्ची वाया.

दोन गोष्टी राहिल्या. पानिपतच्या त्या प्रश्नात लिहिणाऱ्याने "कितवी लढाई?" असा थेट प्रॉम्प्ट घालायला हवा होता, हल्ली चांगले लेखक घालतात, तेवढ्यापुरतं त्या मुलाचं बरोबर होतं. दुसरं, नॅक्टच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे आयसीटीत, नवख्यांसाठी दुसरा विभाग असतो, पण पदवी झालेल्याला तो बंद. भाचा मास्टर्सला आहे, म्हणजे त्याला थेट पहिल्या विभागात खेळावं लागेल, आणि तिथे जाण्याआधी सेक्शनल या पात्रता स्पर्धेतून संघ पात्र ठरायला हवा. एसीएफ नॅशनल्स खेळणार असेल तर तिथे पॉवर नसते, टॉसअप सात-आठ ओळींचे असतात, आणि उतावळेपणाने घेतलेला नेग तिथे जास्त महाग पडतो.