जोहान्सबर्ग ते व्हिक्टोरिया धबधबा : ज्येष्ठ सेवक दांपत्यासाठी मोटारप्रवासाचा सल्ला

आपण दोघेही साठीच्या पुढचे आहात, अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) दीड वर्षाच्या सेवेसाठी जोहान्सबर्गला आलेले आहात, आणि परतण्यापूर्वी मंडळीच्या मोटारीने केपटाउन, नामिबिया, बोट्स्वाना व व्हिक्टोरिया धबधबा असा फेरा १४ दिवसांत पुरा होईल का, असे आपण विचारले आहे. हा फेरा ५,५०० किलोमीटरांच्या पुढे जातो. म्हणजे एकही दिवस न थांबता रोज ४०० किलोमीटर मोटार चालवावी लागेल, आणि त्यात सीमेवर जाणारे तास धरलेले नाहीत. रस्ते चांगले असल्यामुळे तरुणांना ते जमते. परंतु ज्यांनी आयुष्यभर मंडळीचे काम केले, त्यांनी या भूमीवरून केवळ धावत जावे, हे मला पटत नाही. माझा आग्रह असा आहे की केपटाउन आणि नामिबिया या वेळी सोडून द्यावेत आणि कालाहारीच्या पूर्व कडेने उत्तरेला जाणारा, एकेकाळी मिशनऱ्यांचा रस्ता म्हणूनच ओळखला जाणारा मार्ग धरावा. जाऊन-येऊन अंतर सुमारे ३,००० किलोमीटर होते, आणि १४ दिवसांत मुक्कामाला पुरेसा वेळ उरतो.

पहिला टप्पा कुरुमानचा आहे. जोहान्सबर्गहून एन १४ या महामार्गाने हे अंतर साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे, तेव्हा वाटेत फ्रायबर्गला रात्र काढावी आणि कुरुमानला मात्र दोन रात्री ठेवाव्यात. गावातल्या झऱ्यातून दररोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी वाहते, आणि कोरड्या मुलखातल्या याच पाण्यामुळे रॉबर्ट व मेरी मोफॅट या मिशनरी दांपत्याने १८२४ साली या खोऱ्यात ठाण मांडले. १८३८ मध्ये पूर्ण झालेले दगडी भिंतींचे आणि गवती छपराचे उपासनामंदिर आजही उभे आहे. मोफॅट यांनी सेत्स्वाना भाषेत केलेले संपूर्ण बायबल १८५७ मध्ये याच ठिकाणी छापून पुरे झाले. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८४१ मध्ये येथे आले, आणि मोफॅट यांची थोरली मुलगी मेरी हिच्याशी त्यांचा विवाह १८४५ मध्ये याच मंदिरात झाला. आपल्यासारख्या दांपत्याने कुरुमानला थांबावे असे मी म्हणतो, त्याचे मुख्य कारण मात्र थोरले मोफॅट पती-पत्नी आहेत. त्यांनी ही जागा १८७० मध्ये सोडली, तेव्हा रॉबर्ट मोफॅट पंचाहत्तरीला टेकले होते. न्देबेले लोकांच्या मंझिलिकाझी राजाच्या भेटीसाठी त्यांनी केलेल्या शेवटच्या तीन फेऱ्या वयाच्या अठ्ठावन्न वर्षांनंतरच्या आहेत, आणि त्या सर्व बैलगाडीने केलेल्या आहेत. पती महिनोन्‌महिने दूर असताना कुरुमानचा संसार आणि ठाणे मेरीबाईंनी सांभाळले. त्या श्रमांची नोंद इतिहासात फार थोडी आहे, म्हणून वहिनींनी मिशनचे घर आणि बाग सावकाश पाहावी.

कुरुमानहून माहिकेंग, रामात्लाबामाची सीमा आणि लोबात्से या मार्गाने गॅबोरोनला यावे. गॅबोरोनमध्ये नोकरीनिमित्त काढलेल्या वर्षांत मी पाहुण्यांना आवर्जून कोलोबेंगला नेत असे. हे ठिकाण शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासाच्या अंतरावर, कुमाक्वाने गावाजवळ आहे. येथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही : घराचा पाया, काही दगड, आणि लिव्हिंगस्टन दांपत्याच्या तान्ह्या मुलीची, एलिझाबेथची, कबर. तरीही हे स्थळ टाळू नये. १८४७ पासून लिव्हिंगस्टन येथे राहिले, बाक्वेना लोकांचा प्रमुख सेचेले याचा बाप्तिस्मा १८४८ मध्ये त्यांच्या हातून झाला, आणि १८५२ मध्ये बोअर (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) सैन्याच्या हल्ल्यानंतर हे ठाणे संपले. बाप्तिस्म्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यासाठी सेचेलेने सोडलेल्या एका पूर्वीच्या पत्नीला त्याच्यापासून दिवस गेल्याचे कळले आणि लिव्हिंगस्टन यांनी त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. सेचेलेने मात्र उपासना चालवणे, शिकवणे आणि आजूबाजूच्या लोकांपर्यंत वचन पोहोचवणे सोडले नाही. या प्रदेशात ख्रिस्ती श्रद्धा रुजवण्याचे श्रेय परदेशी माणसांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, सेचेलेसारख्या स्थानिकांचे आहे असे माझे ठाम मत आहे.

हेच सेरोवेलाही जाणवेल. गॅबोरोनहून ए १ महामार्गाने उत्तरेला जाताना महालाप्येजवळ मकरवृत्ताची खूण लागते, आणि पुढे पालाप्येहून सेरोवेला वळता येते. सेरोवे हे खामा तिसरे यांच्या लोकांचे गाव. खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन प्रमुख १८९५ मध्ये इंग्लंडला गेले आणि आपला मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून तिथल्या मंडळ्यांपुढे व सरकारपुढे बोलले. त्यांच्याबरोबर विलोबी हे मिशनरी होते. गॅबोरोनमधले या तिघांचे पुतळे आधी पाहून घेतले, तर सेरोवेचे महत्त्व अधिक कळेल.

प्रवासाची आखणी करताना रविवार मोटारीत जाणार नाही याची काळजी घ्यावी. मोफॅट आणि लिव्हिंगस्टन यांना पाठवणाऱ्या लंडन मिशनरी सोसायटीच्या येथील मंडळ्या आज युनायटेड काँग्रिगेशनल चर्च ऑफ सदर्न आफ्रिका या नावाने एकत्र आहेत. १९६७ च्या या एकीकरणात अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतील मिशन संस्थेच्या नाताल प्रांतातल्या मंडळ्याही आल्या, आणि १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू करणारे ते हेच अमेरिकन बोर्ड होय. तेव्हा बोट्स्वानातल्या एखाद्या काँग्रिगेशनल मंदिरात आपण गेलात, तर ती आपल्या घराण्यातलीच मंडळी आहे असे समजून जावे. उपासना सेत्स्वानातून असते, लांबते, आणि गायन बहुधा वाद्यांविना, एकाच वेळी अनेक सुरांत होते. आत जाताना नमस्कार म्हणून ज्येष्ठ पुरुषांना ‘दुमेला रा’ किंवा स्त्रियांना ‘दुमेला म्मा’ असे म्हणून उजवा हात पुढे करावा. पाहुण्यांना उभे राहून चार शब्द बोलण्यास सांगतात, त्यासाठी मनाची तयारी ठेवावी.

आता मोटारीविषयी. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे त्याची अडचण नाही. अडचण जनावरांची आहे. बोट्स्वानात गाई आणि गाढवे रात्री डांबरावर येऊन उभी राहतात, आणि दिव्यांच्या झोतात ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचलेच पाहिजे, यात कोणतीही सवलत घेऊ नये. हिवाळ्यात दिवस लहान असल्यामुळे रोज ३०० ते ३५० किलोमीटर ही मर्यादा योग्य ठरते. फ्रान्सिसटाउनच्या पुढचे नाता ते उत्तर सीमेवरचे कसाने हा सुमारे ३०० किलोमीटरांचा पट्टा हत्तींचा आहे. हत्ती रस्ता ओलांडत असतील तर बऱ्याच अंतरावर थांबावे, भोंगा वाजवू नये, आणि कळपातला शेवटचा हत्ती गेल्यावरही थोडे थांबावे. नाता येथे इंधनाची टाकी पूर्ण भरून घ्यावी. वाटेत पशुरोग-नियंत्रणाच्या चौक्या लागतात. तेथे बुटांचे तळवे औषधी पाण्यात बुडवावे लागतात आणि कच्चे मांस किंवा दूध काढून घेतले जाऊ शकते, म्हणून असे पदार्थ बरोबर ठेवूच नयेत.

काळ जून ते ऑगस्टचा निवडावा. कुरुमानला पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, परंतु ऑक्टोबरचा उन्हाळा या वयात अधिक त्रासदायक असतो. उत्तरेकडे हिवतापाचा धोका कोरड्या ऋतूत कमी असला तरी संपत नाही. १८५९ मध्ये कुरुमानहून उत्तरेला निघालेल्या हेल्मोर आणि प्राइस या दोन मिशनरी कुटुंबांपैकी हेल्मोर पती-पत्नी, त्यांची दोन मुले, तसेच प्राइस यांची पत्नी व तान्हे बाळ १८६० मध्ये उत्तरेकडच्या लिन्यांती या गावच्या मोहिमेत दगावले. त्या वेळी विषप्रयोगाचा संशय घेतला गेला, पण लक्षणे तापाची होती. आज प्रतिबंधक गोळ्या आहेत. आपल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांशी त्या जुळतात का, हे निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे. सर्व औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. फ्रान्सिसटाउनच्या उत्तरेला या मार्गावर मोठी रुग्णालये नाहीत, म्हणून विम्यात हवाई रुग्णवाहिका असल्याची लेखी खात्री करून घ्यावी.

कसानेला पोहोचल्यावर मोटार मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावी आणि व्हिक्टोरिया धबधब्याला प्रवासी संस्थेच्या गाडीने जाऊन यावे. अंतर ८० किलोमीटर आहे, आणि परक्या मालकीची मोटार झिम्बाब्वेत नेण्याची कागदपत्रे, शुल्क आणि तपासणी यांतून सुटका होते. धबधब्याची रुंदी १,७०० मीटरांहून अधिक आहे. जून-जुलैत पाणीही भरपूर असते आणि तुषारांतून पलीकडचे दिसतेही. नोव्हेंबर १८५५ मध्ये लिव्हिंगस्टन येथे पोहोचले. त्यांच्या शेवटच्या प्रवासात नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले आफ्रिकी तरुण होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर अंत्यविधीचे वचन वाचणारा जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी होता. त्यांच्या मृत्यूची ती जागा, चितांबो, झांबियात फार आत आहे. तिचा मोह होईल, पण या प्रवासात ती बसवू नये.

परतताना पालाप्येहून मार्टिन्स ड्रिफ्टच्या सीमेने जोहान्सबर्ग गाठावे. धबधबा पाहून पुन्हा बोट्स्वानात यायचे असल्यामुळे बोट्स्वानाचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असणे आवश्यक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आपल्या परवान्यावर पुनःप्रवेश चालतो का, हेही आधी पाहावे. मोटार मंडळीच्या नावावर असल्याने सीमा ओलांडण्यास संमती देणारे विश्वस्तांचे सहीशिक्क्याचे पत्र, नोंदणीची प्रमाणित प्रत आणि परदेशातही लागू असलेला विमा हे तिन्ही हवेत. व्हिसाचे अर्ज दोन महिने आधी करावेत आणि ते हातात येईपर्यंत मुक्कामांचे पैसे भरू नयेत.