कॅमेऱ्याला दिसत नाही, ते गॅलरीला दिसतं

प्रश्न : व्हिडिओ पाहून 'डबल लिफ्ट' (वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटवणं) शिकलो. मोबाइलसमोर एकदाही चुकत नाही. चाळीच्या गणपतीत करून दाखवली, तर पोरं ओरडली, "दोन पत्ते आहेत!" असं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : व्हिडिओत कॅमेरा एकाच जागी असतो, आणि वरच्या दोन पत्त्यांखाली राखलेली बारीक फट दिसणार नाही तिथेच शिकवणाऱ्याने तो लावलेला असतो. गड्डी डाव्या हातात धरली की करंगळीने राखलेली फट उजव्या कडेला, तुमच्या पोटाकडच्या कोपऱ्यात येते. समोरच्याला ती दिसत नाही. उजवीकडच्याला आणि मागे कठड्याला टेकलेल्याला स्वच्छ दिसते. पाठ भिंतीला लावा, पोरांना समोर आणि डावीकडे बसवा.

दुसरी चूक वेळेची. उलटवण्याच्या क्षणी दोन पत्ते मोजायला गेलात की अंगठा थबकतो आणि तुमचीच नजर हाताकडे वळते. फट आधीच, समोरच्याला नाव विचारताना करून ठेवा. उजव्या अंगठ्याने मागच्या कडेचे वरचे दोन पत्ते जेमतेम उचलायचे, खाली करंगळीच्या टोकाचं नुसतं मांस सरकवायचं. मिलिमीटरभर फट पुरते.

चित्रीकरण मात्र सोडू नका. हातचलाखीच्या नेमक्या क्षणी नवशिक्याचे डोळे मिटतात, म्हणून आरशात स्वतःची चूक त्याला दिसतच नाही. मोबाइल ती पकडतो. तो समोर, उजवीकडे आणि जमिनीवर असा तीनदा ठेवून बघा. पहिल्या रांगेतलं पोर जमिनीवरूनच बघत असतं.

आणि पावसाळा! दमट हवेत कागदी पत्ते फुगतात, वाकतात, दोनाच्या जागी तीन उचलले जातात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्वस्त प्लॅस्टिकचे पत्ते फुगत नाहीत, पण इतके निसरडे असतात की जोडी सरकून खालच्याची कड डोकावते.

प्रश्न : तळहातात नाणं लपवताना ते पडतं. माझा हात लहान आहे का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : हाताचा दोष नाही. परदेशी व्हिडिओंत बहुतेक अमेरिकी अर्धा डॉलर असतो : 30.6 मिमी. आपलं दहाचं नाणं 27 मिमी, म्हणून अंगठ्याखालच्या उंचवट्यात ते तसं घट्ट बसत नाही. तूर्त मधल्या दोन बोटांच्या मुळाशी धरा आणि बोटं सैल, अर्धवट वळलेली ठेवा. ताठ तळवा लगेच संशय आणतो.

प्रश्न : "हे यूट्यूबवर पाहिलंय" म्हणणाऱ्या पोराचं काय करायचं?
– एक वाचक, ठाकुरद्वार

उत्तर : वाद नको. मधे ठेवलेला पत्ता वर येतो, हा खेळ दोनदा करा. पहिल्यांदा डबल लिफ्टने. दुसऱ्यांदा त्याचा पत्ता मधे परत घेताना त्याच्यावर करंगळीची फट राखा. फटीखालच्या पत्त्यांपैकी तळचे निम्मे उचलून गड्डीवर ठेवा, मग फटीपर्यंतचे उरलेलेही वर घ्या. नुसतं काटल्यासारखं दिसतं, पण पत्ता आता खरोखरच सगळ्यात वर असतो. "दोन आहेत" असं तो ओरडला की वरचा पत्ता त्यालाच उलटवायला सांगा.