कोबीची रोपे दुपारी मान टाकतात

प्रश्न : आम्ही लेस्टरजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला अलॉटमेंटवर, म्हणजे नगरपालिका वार्षिक भाड्याने देते त्या भाजीपाल्याच्या जमिनीवर, पाच रॉडचा (रॉड हे इथले जमिनीचे जुने माप) अर्धा तुकडा मिळाला. पहिल्या वर्षी बटाटे उत्तम आले. ते काढल्यावर जमीन उघडी राहू नये म्हणून शेजारच्या तुकड्यावरील आजोबांच्या सांगण्यावरून मोहरी पेरली आणि फुलावर येण्याआधी मातीत गाडली. त्याच जागी गेल्या मे महिन्यात कोबी, फ्लॉवर आणि नवलकोलाची चोवीस रोपे लावली. जूनमध्ये एकेक रोप दुपारी मान टाकू लागले. दोन वेळा पाणी देऊनही पाने निळसर-जांभळी पडली आणि नऊ रोपे गेली. उपटून पाहिले तेव्हा सहा रोपांची मुळे कुरतडलेली होती आणि मातीत तांदळाच्या कणीसारख्या पांढऱ्या अळ्या होत्या. उरलेल्या तिघांची मुळे मात्र आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली होती. जी रोपे वाचली, त्यांच्या पानांची ऑगस्टमध्ये अळ्यांनी चाळण केली. आई गावी पालेभाजीवर चुलीतली राख टाकत असे, म्हणून तीही टाकून पाहिली. यंदा कोबी लावावा की त्याचा नाद सोडावा?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाद सोडू नका, ती जागा मात्र सोडा. तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तुम्ही गेलेली रोपे उपटून त्यांची मुळे पाहिलीत. बहुतेक जण कोमेजलेले रोप दिसताच झारी उचलतात आणि महिनाभर पाणी घालून झाल्यावर बियाण्याला दोष देतात. तुमच्या वाफ्यात दोन वेगळी दुखणी एकाच वेळी आली होती आणि वरून पाहता ती हुबेहूब सारखी दिसतात, कारण दोन्हींत मूळ निकामी होते, उन्हाच्या वेळी पानांतून उडून जाणारे पाणी भरून निघत नाही, पाने लोंबतात, रात्री थोडी सावरतात आणि आठवड्याभरात जांभळट होऊन कायमची बसतात. जमिनीत पाणी भरपूर असते. ते वर चढवायला मूळ नसते.

कुरतडलेली मुळे आणि पांढऱ्या अळ्या हे कोबीच्या मूळमाशीचे काम आहे. ही राखाडी माशी घरातल्या माशीहून थोडी लहान असते आणि खोडालगतच्या मातीत, भेगांमध्ये अंडी घालते. इंग्लंडमध्ये तिची पहिली पिढी एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात उडते. रस्त्याच्या कडेला काऊ पार्स्लीचे पांढरे तुरे दिसू लागले की मूळमाशी आली, असे जुने माळी समजतात आणि मला तरी ही खूण कॅलेंडरपेक्षा अधिक भरवशाची वाटते. तुमची लावणी नेमकी या दिवसांत झाली. त्यानंतर जुलैत आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पुढच्या पिढ्या येतात. पण मोठ्या झालेल्या रोपाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, कोवळे रोप मात्र पहिल्याच हल्ल्यात जाते.

यावरचा उपाय स्वस्त आहे, फक्त तो लावणीच्याच दिवशी करावा लागतो. गालिच्याखाली घालतात त्या जाड अस्तराचा किंवा जाड पुठ्ठ्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन कापावा, एका कडेपासून मध्यापर्यंत चीर द्यावी, मध्यावर छोटी फुली कापावी आणि तो चौकोन खोडाभोवती मातीला चिकटून बसेल असा सरकवावा. खोडाशी फट राहिली तर सारा खटाटोप वाया जातो, म्हणून चौकोन बसवल्यावर तो बोटाने खोडाभोवती दाबून पाहावा. माशीला मातीपर्यंत पोहोचता येत नाही, ती वरच्या बाजूला अंडी घालते आणि ती वाळून जातात. शिवाय अस्तराखालच्या ओलाव्यात काळे जमिनी भुंगेरे आसऱ्याला येतात, जे मूळमाशीची अंडी खातात.

आता ती तीन सुजलेली मुळे. पुन्हा असे मूळ हाती आले तर गाठ चाकूने आडवी कापून पाहा. आत पोकळी असेल आणि तीत एखादी पांढरी अळी बसलेली असेल, तर ते गाठी करणाऱ्या सोंड्या किड्याचे काम असते आणि त्याने पिकाचे विशेष बिघडत नाही. गाठ आतून भरीव असेल, किंवा बुळबुळीत होऊन तिला कुजका वास येत असेल, तर तो क्लबरूट आहे. तुमच्या वर्णनावरून मला तोच वाटतो. तो मातीतल्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो, त्याचे बीजाणू वीस वर्षांपर्यंत जमिनीत टिकू शकतात आणि बागवानाला वापरता येईल असे त्यावर औषध नाही. तो बहुधा विकत आणलेल्या रोपांच्या मातीतून किंवा बुटाला लागलेल्या चिखलातून येतो, तेव्हा तो तुमच्या आधीच्या भाडेकरूच्या वेळेपासूनही तेथे असू शकेल.

येथे मोहरीचा विषय येतो. शेजारच्या आजोबांचा सल्ला सर्वसाधारणपणे चुकीचा नाही, कारण मोहरी झपाट्याने वाढते आणि जमीन झाकते. पण मोहरी ही कोबीची सख्खी बहीण आहे. बटाट्यानंतर कोबी लावला असे तुम्हाला वाटले, प्रत्यक्षात कोबीच्या कुळानंतर कोबीचे कूळ लावले गेले. मुळा, शलगम, रॉकेट ही सॅलडची पाने, पाक चोय, इतकेच नव्हे तर वसंतात फुलणारी वॉलफ्लॉवर आणि शेफर्ड्स पर्स हे तणसुद्धा याच घरातले असल्याने क्लबरूटला आश्रय देतात. महाराष्ट्रात कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या पंधरा दिवस आधी आणि दुसरी पंचवीस दिवसांनंतर, पेरण्याची शिफारस आहे. ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी सापळा पीक म्हणून आहे आणि ती शिफारस तेथे योग्यच आहे. तुमच्या गाठीच्या जमिनीत मात्र मोहरी नको. हिरवळीच्या खतासाठी फॅसेलिया किंवा राय (म्हणजे मोहरीची राई नव्हे, गव्हासारखे धान्य) पेरा.

क्लबरूट आम्लधर्मी, पाणी साचणाऱ्या जमिनीत जोर करतो. बागेच्या दुकानातून सामू (पीएच, म्हणजे जमीन किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा) तपासण्याचा संच आणा आणि कोबीच्या जागेचा सामू ७ किंवा थोडा वर जाईल इतका बागेचा चुना हिवाळ्यात घाला. चिकणमातीला तो जास्त लागतो, वाळूच्या जमिनीला कमी. चुना आणि शेणखत एकाच वेळी घालू नका, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. बटाट्यांच्या तोंडावरही चुना नको, कारण मग त्यांच्या सालीवर खवले धरतात. रोगाला दाद न देणारे वाणही मिळतात : कोबीत किलाटन आणि किलॅक्सी, फ्लॉवरमध्ये क्लॅप्टन. त्यांना रोग कधीच होत नाही असे नव्हे, पण तुमच्यासारख्या जमिनीत मी त्यांच्याशिवाय दुसरे बियाणे घेणार नाही. सुजलेली मुळे खताच्या ढिगात टाकू नका आणि त्या वाफ्यातले फावडे धुतल्याखेरीज दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका.

जागा बदलायची म्हणजे किती, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. चार रॉड म्हणजे बरोबर एक गुंठा, तेव्हा तुमचा अर्धा तुकडा सव्वा गुंठ्याचा झाला. त्याचे चार भाग केले तर प्रत्येकी सुमारे ३० चौरस मीटर जागा मिळते आणि बटाटे, मग वाटाणा-घेवडा, मग कोबीचे कूळ, मग कांदा-गाजर असा चार वर्षांचा फेरा बसतो. चार वर्षांत क्लबरूट जाणार नाही, हे वर दिलेल्या आकड्यावरून उघडच आहे. परंतु तो साचत जाणार नाही, आणि मूळमाशीचे कोष जेथे हिवाळाभर पडून आहेत त्या मातीपासून नवी रोपे दूर राहतील.

रोपे जमिनीत पेरू नका. कागदी किंवा प्लास्टिकच्या कप्प्यांत विकतच्या मिश्रणात उगवून ती ९ सेंटिमीटरच्या कुंडीत वाढवा, म्हणजे जमिनीत जाण्याआधी मुळांचा भरघोस गोळा तयार होतो आणि रोग लागला तरी रोप तग धरते. कुंडीत ती फार काळ ठेवूही नका. मुळे कोंडलेल्या किंवा तहानलेल्या फ्लॉवरच्या रोपाला पुढे बटणाएवढे फूल येते आणि तेथेच थांबते.

लावणीची एक गोष्ट आपल्याकडील सवयीच्या विरुद्ध आहे. भुसभुशीत माती म्हणजे चांगली माती, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण कोबीच्या कुळाला घट्ट जमीन हवी. वाफा शरद ऋतूत खणून ठेवावा, लावणीच्या आधी तो पुन्हा खणू नये, उलट टाचांनी तुडवून रेक फिरवावा. खड्डा पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, रोप पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल बसवावे आणि मुठीने चारही बाजूंनी दाबावे. मग एका पानाचे टोक चिमटीत धरून ओढून पाहावे : पान फाटले तर लावणी पक्की झाली, रोप हलले तर पुन्हा दाबावे. उन्हाळी कोबीला ३५ सेंटिमीटर अंतर पुरते, हिवाळी कोबीला ४५ ते ५०, फ्लॉवरला ६० आणि नवलकोलाला २५ ते ३०.

ऑगस्टमधल्या अळ्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांचे नुकसान डोळ्यांत भरत असले तरी ते टाळणे सर्वांत सोपे आहे. पांढरी फुलपाखरे दोन प्रकारची असतात. मोठे पानाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस घालते आणि त्याच्या काळ्या-पिवळ्या अळ्या उघड्यावर खातात; लहान एकेक अंडे घालते आणि त्याची मखमली हिरवी अळी गड्ड्याच्या आत शिरते, त्यामुळे ती चिरताना सापडते. फुलपाखरांसाठी ७ मिलिमीटर भोकांची जाळी पुरते; पण मूळमाशीलाही अडवायचे असेल तर १.३ मिलिमीटरची बारीक कीटकजाळी घ्यावी. ती कमानींवर ताणावी, कडा मातीत गाडाव्यात आणि ती पानांना टेकू देऊ नये. माझ्या पहिल्या वर्षी मी जाळी नुसती रोपांवर अंथरली होती आणि फुलपाखरे तिच्यावर निवांत बसून भोकांतून अंडी घालताना मी चहा पीत पाहत होतो. गेल्या वर्षीच्या जागेवर ही जाळी घालणे मात्र घातक आहे, कारण मातीतल्या कोषांतून निघणाऱ्या माश्या आतच कोंडल्या जातात.

जाळी असली तरी तीन-चार दिवसांनी पाने उलटून पाहा आणि अंडी अंगठ्याने पुसून टाका. मरगळलेल्या अळीच्या अंगाला खेटून बारीक पिवळ्या रेशमी कोषांचा पुंजका दिसला तर तो चिरडू नका. ती अंडी नसून अळीला आतून पोखरून बाहेर आलेल्या परजीवी गांधीलमाशीचे कोष असतात.

राहिली आईंची राख. आपल्याकडे या भाज्या रब्बीत, कोरड्या हवेत घेतल्या जातात, तेव्हा पानावर भुरभुरलेली राख दिवसचे दिवस टिकते. लेस्टरच्या रिमझिमीत ती दुपारपर्यंतही राहत नाही. लाकडाची राख असेल तर ती वाफ्यात मिसळा, थोडे पालाश मिळेल. दगडी कोळशाची असेल तर बागेत आणू नका.

प्रश्न : जांभळ्या ब्रोकोलीची रोपे हिवाळ्यात कबुतरांनी देठापर्यंत सोलली. जाळी घातली होती, ती बर्फाने खाली बसली. काय करावे?
– एक वाचक, स्लाव

उत्तर : ही आपल्या गच्चीवरची कबुतरे नव्हेत, रानकबुतर अंगाने मोठे असते आणि हिवाळ्यात दुसरे हिरवे काही नसल्यामुळे ते चिकाटीने येते. जाळी रोपांपेक्षा हातभर उंच हवी, कारण ती पानांना टेकली की कबुतर वर बसून तिच्यातून खाते. बांबू रोवावेत, त्यांच्या टोकांवर छोट्या कुंड्या किंवा रिकाम्या बाटल्या उपड्या घालाव्यात म्हणजे जाळी फाटत नाही, आणि ती ढोलकीच्या पानासारखी ताणून खाली खुंट्यांनी पक्की करावी. सैल जाळीत पक्षी आणि हेजहॉग (इथला छोटा काटेरी प्राणी) अडकून मरतात. बर्फ पडल्यावर त्याच सकाळी जाऊन जाळी खालून झटकावी लागते, याला पर्याय नाही. ही रोपे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बाकी वाफे रिकामे असताना तुरे देतात, म्हणून मला तरी त्यांच्यासाठी ही धावपळ परवडते. वाऱ्याने ती हलू नयेत यासाठी खोडाला मातीची भर द्यावी आणि काठीला बांधावे.

प्रश्न : शेडमध्ये गोगलगायींसाठीच्या निळ्या गोळ्यांचा जुना खोका सापडला. नवी कोबीची रोपे वाचवण्यासाठी वापरू का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : आधी वेष्टनावरील घटक वाचा. मेटाल्डिहाइड असेल तर वापरू नका. ब्रिटनमध्ये त्याचा बाहेरील वापर ३१ मार्च २०२२ पासून बंद आहे, कारण त्याने पक्ष्यांना आणि हेजहॉगसारख्या प्राण्यांना धोका पोहोचतो. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, त्याही वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे विरळ टाकाव्यात. माती ५ अंशांहून उबदार झाली असेल तर पाण्यातून द्यायचे सूत्रकृमी (गोगलगायींना मारणारे अतिसूक्ष्म कृमी) हा अधिक चांगला उपाय आहे. जुना खोका तसाच बंद करून नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका आणि मोरीत तर मुळीच ओतू नका.