आलं उकरून बघणारे यजमान

‘हे मार्चमध्ये कारखान्यातून निवृत्त झाले आणि माझी गच्ची त्यांच्या ताब्यात गेली. भर एप्रिलमध्ये, कळ्यांनी लगडलेला मोगरा त्यांनी मोठ्या कुंडीत हलवला. सगळ्या कळ्या गळून पडल्या. जूनमध्ये आलं लावलं, तर कोंब आला का म्हणून चार-चार दिवसांनी उकरून बघतात. खरं तर यांचं बालपण राजापूरकडे, वडिलांच्या हापूसच्या कलमांत गेलं. पण काही बोलले की म्हणतात, “मी दोनशे माणसं सांभाळली, मला कुंड्या शिकवू नकोस.” बावीस वर्षं जपलेली बाग सोडून द्यावी असं वाटतं. काय करू?’
– एक वाचक, पुणे

ताई,

बाग सोडू नका. मोगराही गेलेला नाही. कळ्या धरलेल्या असताना मुळं दुखावली की झाड आधी त्याच टाकतं, स्वतः तगतं. सध्या पावसात कुंडीत पाणी साचणार नाही एवढंच बघा. थंडीत पाणी तोडा, जानेवारीत छाटा, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करा, उन्हाळ्यात फुलेल. आणि यजमानांना सरळ सांगा की मोगऱ्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बावीस वर्षांनंतर एवढा हक्क तुमचा आहेच.

आता आल्याचं. कोंब वर यायला दोन-तीन आठवडे, कधी महिनाही लागतो. कंद तयार व्हायला आठ-नऊ महिने. म्हणजे जूनचं आलं फेब्रुवारी-मार्चला, पानं पिवळी पडून वाळली की काढायचं. दर वेळी उकरताना नुकतं फुटलेलं मूळ तुटतं आणि बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. पण हे त्यांना ‘जरा धीर धरा’ अशा शब्दांत सांगू नका. रोज संध्याकाळी उत्पादनाचा आकडा बघून घरी येणाऱ्या माणसाला आठ महिने मातीकडे बघत बसा म्हणणं ही शिक्षाच झाली. त्यांचे हात रिकामे आहेत, म्हणून ते आल्यात जातात.

तेव्हा हातांना काम द्या. दर आठवड्याला एका ट्रेमध्ये मेथी पेरायला लावा, ती तीन-चार दिवसांत उगवते. शेजारी धने, रगडून दोन फाका करून. त्यांना आठ-दहा दिवस लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल्या कचऱ्याच्या खताचा ड्रम. गच्चीवरची ही एकच गोष्ट अशी आहे की जी सारखी उघडून, उकरून, खालीवर केलेली चांगली! हवा खेळली की कचरा लवकर कुजतो, आतून गरम होतो, दोन-तीन महिन्यांत काळंभोर खत मिळतं. त्यांना वाटलं तर रोजचं तापमान वहीत लिहू देत.

एखाद्या संध्याकाळी चहा घेताना विचारा, लहान कलमांना मोहोर आला की मामंजी काय करायचे? कलम लवकर मोहरतं, पण पहिली तीनेक वर्षं तो मोहोर खुडतात. ताकद फळात न जाता खोडात, फांद्यांत जावी म्हणून. त्यांनी ते लहानपणी बघितलं असणार. तुम्ही शिकवण्यापेक्षा त्यांनाच सांगू दे. पुरुषमाणसाला स्वतःच्या तोंडून आलेलं लवकर पटतं, हा आपला माझा अनुभव.

दोनशे माणसांचं ते वाक्य मात्र सोसत बसू नका. पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, ‘हे मला लागतं, पुन्हा बोलू नका.’ तिथे मी तुम्हाला थांबायला सांगणार नाही.

ड्रम घ्याल तो बाजूंना भोकं असलेला, झाकणाचा घ्या. पावसात सुका पाला मिळत नाही, तर कोकोपीट किंवा सुताराकडचा भुसा आणून ठेवा. ओल्या कचऱ्यावर दर वेळी त्याचा थर हवाच. तो कमी पडला की वास सुटतो, आणि मग सोसायटीतली बोलणी तुम्हालाच खावी लागतील.