डॉक्टर झाली आणि आता हे कसलं शिक्षण?

"मॅडम, बीएचएमएस झालंय पोरीचं, दवाखाना टाकायचं सोडून हे काय काढलंय तिनं?" कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझ्याकडं पोरांच्या शिक्षणाचा सल्ला घ्यायला येणाऱ्या आईवडिलांकडून हा प्रश्न हल्ली बराच ऐकते, कधी पोरगं बीडीएस असतं कधी नर्सिंग, काळजी तीच. हे वडील इचलकरंजीचे, आयुष्यभर लूमवर राबलेले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत). पोरीला लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं ग्लोबल हेल्थ अँड सोशल जस्टिसचं एक वर्षाचं एमएससी करायचं होतं आणि त्यावरून घरात बोलणं बंद.

वडील फार मोठ्यानं बोलत होते. पोरगी म्हणाली, "मॅडम, पप्पांना ऐकू कमी येतं, लूमच्या आवाजानं." मी तिला म्हटलं, तू काय शिकणार ते पप्पांना सांग, पण कोर्सच्या माहितीपत्रकातलं नको. ती जरा थांबली, मग विचारलं, "पप्पा, तुमचे कान कशानं गेले?"
"लूमनं. सगळ्यांचेच जात्यात."
"मालकाचे गेले का?"
वडील काही बोललेच नाहीत. ती म्हणाली, "मी हेच शिकणार. हे तुमच्याच वाट्याला का आलं, आणि ते थांबवायला कायदा, पैसा, सरकार कुठं हलवावं लागतं."

मी त्यात एकच भर घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २००८ चा अहवाल आहे, त्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं उदाहरण आहे, तिथल्या कॅल्टन ह्या गरीब भागात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५४ आणि थोड्याच अंतरावरच्या लेन्झीत ८२. वडील म्हणाले, तिथं दवाखाना फुकट असतोय न्हवं? हो, १९४८ पासून. तरी २८ वर्षांचा फरक, कारण घर, काम, पगार, शिक्षण ह्या गोष्टी दवाखान्याच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच आपलं काम करून बसलेल्या असतात.

आता असल्या शिक्षणानं डॉक्टर पेशंट सोडतो असं म्हणाल तर गडचिरोलीचे डॉक्टर अभय आणि राणी बंग, दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पब्लिक हेल्थ म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकून आले, गावातल्याच बायकांना नवजात बाळं सांभाळायला शिकवलं, बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, १९९९ ला ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढं घरी जाऊन बाळ तपासायचं काम देशभरातल्या आशाताईंकडं आलं. ह्याला पेशंट सोडणं कोण म्हणेल?

पण वडिलांची पैशाची भीती खोटी नव्हती आणि मी पोरीला तसं स्पष्ट सांगितलं. घर तारण ठेवून ह्या डिग्रीला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण नोकऱ्या संस्था, संशोधन, सरकारी आरोग्य प्रकल्प अशा असतात, सुरुवातीचा पगार बेताचा, त्यात मोठं कर्ज फेडताना जीव मेटाकुटीला येतो. आधी फील्डवर काम करायचं. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला तसाही साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिची अट अशी की शिकून झाल्यावर दोन वर्षं आपल्या देशात परत यायचं, हे ऐकून मात्र वडील सरळ होऊन बसले, पोरगी तिकडंच राहील ही खरी धाकधूक होती, पैसा नंतर. अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे, ती बघाच. आणि परदेशच पाहिजे असं कुठाय, मुंबईत टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिरुअनंतपुरमला अच्युत मेनन सेंटर आहे, तिथलं पब्लिक हेल्थचं शिक्षण तोलामोलाचं आहे.

सध्या ती एका संस्थेच्या टीबीच्या प्रकल्पात वस्त्यांवर फिरते, पगारातून थोडे बाजूला टाकते. टिसचा फॉर्म भरायचा की चेव्हनिंगसाठी थांबायचं हे अजून ठरलेलं नाही, पण दोन्हीचा खर्च आता वडीलच वहीत मांडतायत.