दुकानातल्या सगळ्या इलेक्ट्रिक गिटारी एकाच आकाराच्या का असतात?

तुम्ही लिहिलंय की मुलासाठी इलेक्ट्रिक गिटार बघायला जळगावला गेलात, भिंतीवर सात-आठ कंपन्यांच्या गिटारी टांगलेल्या होत्या, पण आकृती एकच. दोन शिंगं, तीन पिकअप (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकाच्या कॉइली), खाली एक दांडी. दुकानदार म्हणाला, "हे १९५४ चं डिझाइन आहे." आणि तुम्ही विचारताय, इतक्या वर्षांत कुणाला दुसरं काही सुचलं नाही का?

आधी माझी ओळख. अमळनेरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी, उन्हाळा लागला की कूलर. गिटार मला वाजवता येत नाही. बॅन्जो पार्टीवाले लग्नसराईच्या तोंडावर बॅन्जोच्या जळालेल्या कॉइल घेऊन यायचे, तेवढाच वाद्यांशी संबंध. मग पारोळ्याकडचा एक मुलगा ऑर्केस्ट्रातली गिटार घेऊन आला. म्हणे, "भाऊ, हाई गिटार नुसती घूं घूं करस." प्लेट उघडली तर आत ओळखीचंच सगळं. तांब्याच्या तारेची कॉइल, मध्ये चुंबक, दोन-तीन पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायची फिरती बटणं), एक कपॅसिटर. फक्त तार केसाहून बारीक. अमेरिकेत तिला ४२ गेज म्हणतात, आपल्या एसडब्ल्यूजी मापात ती साधारण ४६ येते. पंपाच्या मोटारीला आम्ही वीस-बावीस गेज वापरतो, त्यावरून अंदाज करा. तेव्हापासून अशा बऱ्याच गिटारी टेबलावर येऊन गेल्या, आणि त्या नादात मी ह्या आकाराचा इतिहास वाचत गेलो.

तुम्ही पाहिलीत ती स्ट्रॅटोकास्टरची आकृती. ती आणणारा लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करायचा. १९३८ मध्ये त्याने दुकान टाकलं होतं. गिटार त्यालाही वाजवता येत नव्हती. हे वाचून मला किती बरं वाटलं असेल!

दुरुस्तीवाला माणूस वस्तू कशी बनवेल? उघडता येईल अशी. फेंडरची पहिली सॉलिड गिटार १९५० ची. भरीव लाकडाची फळी, आणि नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब मान, चार स्क्रूंवर बसवलेला. नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम आधीच बाजारात होते, म्हणून १९५१ मध्ये ते टेलिकास्टर झालं. तोवर गिटार म्हणजे सुतारकामाचा नाजूक नमुना, नेक सरसाने चिकटवलेला. गिब्सन ह्या दुसऱ्या कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल नावाची गिटार काढली तीही चिकटवलेल्या नेकचीच. तिचं हेड, म्हणजे नेकचं वरचं टोक, मागे झुकलेलं असतं, गिटार पडली की तिथेच तुटते. फेंडरचं हेड सरळ, एकाच फळीतून कापलेलं, तारा पिळायच्या सहाही किल्ल्या एका बाजूला. तशा किल्ल्या पॉल बिग्सबी ह्या कारागिराने १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस ह्या वादकासाठी बनवलेल्या गिटारीवर आधीच होत्या. सगळंच फेंडरच्या डोक्यातून निघालं असं समजू नका.

टेलिकास्टरची तक्रार एकच होती, ती टोचायची. फळीची कड बरगडीत आणि हाताखाली रुतायची. बिल कार्सनसारखे रोज रात्री वाजवणारे लोक कारखान्यात येऊन हे सांगायचे, आणि फेंडर ऐकून घ्यायचा. (माझ्याकडे गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की माझं तोंड कसं होतं ते बायकोला विचारा.) मग नव्या गिटारीत, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरमध्ये, पोटाच्या बाजूला आणि हात टेकतो तिथे लाकूड तासून काढलं. आकृती फेंडरचा सहकारी फ्रेडी टव्हारेसने कागदावर उतरवली. दोन शिंगं फेंडरच्याच १९५१ च्या प्रिसिजन बेस ह्या बेस गिटारीवरून आली. वरचं शिंग लांब असल्याने पट्टा पुढे अडकतो आणि गिटार गळ्यात तोल धरून राहते. म्हणजे ते शिंग शोभेचं नाही.

खरा घोळ झाला तो दांडीमुळे. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होऊन सूर खाली जातो, सोडली की जागेवर यायला हवा. पहिली रचना नापास झाली. आवाज टिकेना, सगळं मोडून पुन्हा आखावं लागलं. मग जे सापडलं ते तराजूचं तत्त्व. पुलाची (खालच्या बाजूला तारा टेकतात त्या भागाची) धातूची पट्टी पुढच्या सहा स्क्रूंवर धारेने टेकते, एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा. खाली लोखंडाचा जड ठोकळा, त्याने आवाज टिकतो. ह्याचं पेटंट १९५६ मध्ये मिळालं. गिटार मात्र १९५४ मध्येच विकायला आली होती, दांडीसह २४९.५० डॉलरला.

कारागीर म्हणून मला सगळ्यात आवडते ती समोरची प्लास्टिकची प्लेट. पिकअप, पॉट, स्विच, सगळं तिच्यावरच बसवलेलं. टेबलावर सोल्डरिंग करायचं, उलटी करून खाचेत ठेवायची, स्क्रू मारायचे. प्लेट वाकायला लागली तेव्हा १९५९ मध्ये ती तीन थरांची केली आणि स्क्रू आठाचे अकरा झाले. हे काम पाहताना मला दिसतं की करणाऱ्याने कधीतरी दुसऱ्याने बनवलेला रेडिओ उघडताना शिव्या घातल्या असणार.

चुकाही आहेत. पुलाजवळचा पिकअप सगळ्यात कर्कश, आणि मूळ जोडणीत नेमका त्यालाच टोनचा पॉट नाही. दोन्ही टोन बाकीच्या दोघांना! आजही गिऱ्हाईक "लई टोचतो आवाज" म्हणतं, मी स्विचवर एक वायर डकवतो, झालं. दुसरी गंमत तिसऱ्या तारेची. पन्नाशीच्या दशकात तिसरी तार गुंडाळीची असायची, तिचा आवाज दबका, म्हणून तिच्याखालचा चुंबकाचा खांब उंच ठेवला. पुढे लोक साधी तार लावू लागले, आता तीच तार कोकलते. तरी जुन्या पद्धतीच्या पिकअपवर तो उंच खांब अजून तसाच येतो. आमच्याकडे जातं गेलं तरी ओट्यावर जात्याची जागा राखून ठेवतात, त्यातला प्रकार.

पण एक चूक सोनं ठरली. स्विच तीनच जागांचा होता, एका वेळी एक पिकअप. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की खटका दोन जागांच्या मधोमध अडकवला तर दोन पिकअप एकत्र लागतात आणि पोकळ, काचेसारखा आवाज येतो. कंपनीने असं काही ठरवलंच नव्हतं. लोक वर्षानुवर्षं खटका मध्येच अडकवून वाजवत राहिले, तेव्हा कुठे १९७७ मध्ये कारखान्यातून पाच जागांचा स्विच यायला लागला. नंतर मधला पिकअप उलटा गुंडाळायला लागले, त्यामुळे ह्या मधल्या जागांवर घूं घूंही कापली जाते. एकेरी कॉइल म्हणजे अँटेनाच, ट्यूबलाइटचा चोक असो की शेजारचा पंप, सगळं ओढून घेते.

मग "कुणी बदललं नाही का?" बदललं ना. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएस ह्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. त्याच वर्षअखेरी हेड मोठं केलं. १९७१ मध्ये नेकचे चार स्क्रू तीनवर आणले, सोबत नेकचा कोन बदलायची सोय दिली. कल्पना वाईट नव्हती, पण खाचेचं काम ढिलं असेल तर नेक बाजूला सरकायचा, आणि त्या काळात काम ढिलं होतं. वजनही वाढलं. लोक जुन्या गिटारी शोधू लागले, आणि जपानी कारखाने त्या जुन्या गिटारींच्या इतक्या चांगल्या नकला करू लागले की मूळ कंपनीला घाम फुटला. एका बाबतीत मात्र मी सीबीएसची बाजू घेईन. नेकमधली लोखंडी सळई कसायचा नट त्यांनी १९७१ मध्ये हेडकडे आणला. पन्नाशीच्या मॉडेलात तो बुडाशी होता, म्हणजे पाव फेरा द्यायला नेक सैल करा. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, नेक वाकतो, लाकूड आकसून फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला लागतात. इथे बुडाचा नट म्हणजे शिक्षा आहे.

१९८१-८२ मध्ये नव्या व्यवस्थापनाने जुन्या गिटारी मोजून पुन्हा तशाच काढल्या, लहान हेड आणि चार स्क्रू परत आले. जपानमध्ये कंपनीच उभी केली, म्हणजे नक्कल करणाऱ्यांच्या अंगणात जाऊन. १९८५ मध्ये ह्याच व्यवस्थापनातल्या बिल शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी सव्वा कोटी डॉलरला फेंडर कंपनी सीबीएसकडून सोडवून घेतली. १९८७ च्या अमेरिकन स्टँडर्ड ह्या मॉडेलमध्ये दांडी सहाऐवजी दोनच खिळांवर टेकवली आणि फ्रेट २१ चे २२ झाले. आकृतीला हात लावला नाही.

आता तुमच्या भिंतीकडे येतो. फेंडरने हा आकार आपल्या नावावर व्हावा म्हणून अमेरिकेत अर्ज केला होता. इतर उत्पादकांनी हरकत घेतली, आणि २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळाने अर्ज फेटाळला. दशकानुदशकं सगळेच हा आकार बनवतायत, तो आता कुणा एकाची ओळख राहिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. हेडचा आकार मात्र फेंडरचा राखीव आहे. पुन्हा दुकानात गेलात तर नीट बघा, धड सगळ्यांची सारखी, डोकी वेगवेगळी.

मुलासाठी घेताना कंपनीच्या नावापेक्षा तीन गोष्टी बघा. नेक आणि बॉडीच्या सांध्यात फट नको. सहाव्या तारेवरून डोळा लावून नेक सरळ आहे का पाहा. फ्रेटच्या कडेवरून बोट फिरवा, आताच टोचत असेल तर उन्हाळ्यात रक्त काढेल. स्वस्त नकलांत सहा चुंबकांऐवजी खाली एकच चुंबकाची पट्टी आणि वर लोखंडी खांब असतात. आवाज थोडा चरचरीत येतो, शिकायला चालतो. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका. पारोळ्याच्या त्या पोराने तेच केलं होतं. घूं घूं मी काढून दिली, पण नेक दुसऱ्या कंपनीचा आणून बसवावा लागला. भोकं थोडी बुजवून पुन्हा पाडली, तेवढंच, बाकी खाचेत चपखल बसला.