पाण्याचं बिल भरता येईल, नोव्हेंबरचा हप्ता मात्र भरू नका

प्रश्न: पुण्याजवळ आमचं रो-हाऊस आहे, घरात चौघं. पाण्याचं बिल दर तिमाहीला ४२० रुपये यायचं, यावेळी एकदम २४,०६० आलं. आधीच्या तीन बिलांवर ‘सरासरी’ असा शेरा होता. आता प्रत्यक्ष रीडिंग घेतलं आणि वर्षाचे ६६० युनिट निघाले म्हणतात. मिस्टर खासगी नोकरीत आहेत, वय ४१, हातात ५२ हजार येतात. माझ्या शिकवण्यांचे १४ हजार. घराचा हप्ता १९ हजार. बचत खात्यात ११ हजार आहेत. एक लाखाची एफडी आहे, पण ती मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी ठेवलीय (ती आता नववीत आहे), मोडवत नाही. बिल क्रेडिट कार्डावर भरून बारा हप्ते करून घेऊ का? शेजारी म्हणतात थांबा, अभय योजनेत अर्धं माफ होतं. नोव्हेंबरमध्ये पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा तिसरा हप्ता आहे. त्याला भिशीचे ६० हजार येतील, बाकीचे गेल्या वर्षीसारखे कार्डावर टाकू. गेल्या वेळी ५२ हजार टाकले होते, त्यातले ४८ हजार अजून आहेत, पण मिनिमम वेळेवर भरतो. पॉलिसी बँकेतूनच घेतली, एफडीसारखीच आहे, दहा वर्षं भरायचं आणि विसाव्या वर्षी दुप्पट, २४ लाख. हल्ली मोटारही दिवसातून दोनदा लावावी लागते.

उत्तर: ताई, आधी पाण्याचं बघू, कारण ते लवकर उरकेल.

माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सर्वसाधारण माप. चौघांचे महिन्याला साधारण १६ हजार लिटर, म्हणजे १६ युनिट. तुमचे पडलेत ५५. वरचे ३९ युनिट म्हणजे दिवसाला तेराशे लिटर, तासाला ५४. एवढं पाणी कुणी वापरत नाही, ते कुठून तरी सतत जातंय. पत्राच्या शेवटी तुम्ही मोटारीचं लिहिलंय, तिथेच त्याचा पत्ता आहे. मोटार दुप्पट चालते, याचा अर्थ पाणी मीटरमधून टाकीत येतं, गच्चीवर चढतं आणि मग घरातच कुठेतरी वाहून जातं. आज रात्री गच्चीवरची टाकी भरा, पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा, सगळे नळ बंद करून झोपा. सकाळी हजार लिटरच्या टाकीतलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी उतरलेलं दिसलं, तर गळती घरातच आहे. मग प्रत्येक फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात पिवळं उतरलं, तर आतलं रबर गेलंय. हे काम दोन-चारशे रुपयांत होतं. पातळी उतरली नाही, तर पाणी यायच्या वेळी खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटरचा काटा बघा. तरीही तो फिरत असेल, तर पाइप जमिनीखाली फुटलाय आणि प्लंबर बोलवावा लागेल.

आता बिल. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत दर दिसतात: महिन्याला पहिल्या १५ युनिटला ८ रुपये, ३० पर्यंत २० रुपये, त्यापुढे ४०. बारा महिन्यांचे ६६० युनिट त्यांनी एका तिमाहीत कोंबलेत, म्हणजे महिन्याला २२० धरलेत. त्यामुळे बहुतेक सगळे ४० च्या दरात गेले. तेच युनिट बारा महिन्यांत पसरले, तर महिन्याला १,४२० रुपये, वर्षाचे १७,०४०. त्यातून आधी भरलेली तीन सरासरी बिलं, १,२६० रुपये, वजा. राहिले सुमारे १५,८००. आठ हजारांचा फरक आहे, तो मागायलाच हवा. पाणीपुरवठा विभागाला लेखी अर्ज द्या: वापर महिन्यांवर विभागून दर लावा, सरासरीचे पैसे वळते करा, मीटर तपासून द्या. सोबत आधीची तिन्ही बिलं आणि आजच्या रीडिंगचा फोटो जोडा. पोच घ्या. नादुरुस्त मीटरची तक्रार महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवांमध्ये येते, तेव्हा उत्तराला मुदत असते. आणि मीटरच्या झाकणावरच्या कुंड्या हलवा. मीटरच्या फोटोत चार दिसतात, रीडिंग घेणाऱ्याने त्या उचलाव्यात ही अपेक्षा धरू नका.

शेजाऱ्यांचं ऐकू नका. अभय योजनेत सहसा विलंबाची आकारणी किंवा शास्ती कमी होते, पाण्याची मूळ रक्कम नाही. ‘अर्धं माफ’च्या आशेवर थांबलेल्या माणसाकडे शेवटी मूळ बिलही राहतं आणि नळ तोडल्याची नोटीसही येते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे संपलं: पंधरा-सोळा हजार, एफडीतून, कार्डावर नाही. पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते त्या कार्डाच्या ओळीसाठी. “पण मिनिमम वेळेवर भरतो” असं तुम्ही लिहिलंय, जणू तेवढ्याने ती बाजू निर्धोक झाली.

४८ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,६८०. त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले जवळजवळ दोन हजार. तुम्ही भरता पाच टक्के, २,४००. मुद्दलात जातात चारशे. गेल्या वर्षभरात पंचवीस हजारांच्या आसपास भरून तुमची बाकी चार हजारांनी उतरली. ज्या पाण्याच्या बिलाने तुमची झोप उडाली, जवळपास तेवढीच रक्कम या कार्डाने गेल्या वर्षात नेली, आणि त्याबद्दल तुम्ही एक प्रश्नही विचारला नाहीत. शिवाय कार्डावर बाकी असताना नव्या खर्चाला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पाण्याचं बिल कार्डावर टाकलंत, तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. हप्ते करून घेतले, तरी व्याज आणि प्रक्रिया शुल्क आहेच.

आणि हे कर्ज काढलं कशासाठी? पॉलिसीसाठी.

ती पॉलिसी एफडी नाही. एफडी मोडली तर व्याज थोडं कमी होतं, मुद्दल हातात येतं. तुम्ही दोन वर्षांत २ लाख ४० हजार भरलेत. नोव्हेंबर २०२३ च्या या पॉलिसीला तेव्हाचे नियम लागू आहेत. त्यानुसार दोन हप्त्यांनंतर खात्रीचं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर हातात येणारे पैसे, भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ७२ हजार. ज्याने बँकेच्या काउंटरवर बसून ‘एफडीसारखीच’ असं सांगितलं, त्याला हे माहीत होतं. मला या विक्रीची चीड येते, कारण ती नेमकी अशाच घरांत होते, जिथे बचत खात्यात ११ हजार असतात आणि बँकेवर विश्वास असतो.

‘दुप्पट’ हा शब्द मोठा वाटतो, पण किती वर्षांत ते बघा. हप्ते दहा वर्षांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं त्यांच्याकडे राहतो. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात, त्यांनी ७२ या आकड्याला भागलं, की व्याजाचा ढोबळ दर मिळतो: ७२ भागिले साडेपंधरा, साधारण ४.६ टक्के. म्हणजे तुम्ही वर्षाला ४० टक्क्यांच्या वर व्याजाने पैसे उचलून ४.६ टक्क्यांना वीस वर्षं अडकवताय. त्यांनी करबचतीचंही सांगितलं असेल. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुमच्या उत्पन्नाला करबचतीसाठी काही घ्यायची गरजच उरलेली नाही.

आता सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न: भरलेले वाया जातील का? भरलेलं बाजूला ठेवा, ते दोन्ही वाटांवर भरलेलंच आहे. पुढचा हिशेब करा. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात दोन हप्त्यांवर पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी न मोडता तशीच ठेवल्यास, मुदतीअखेर सुमारे तीन लाख दाखवलेत. पुढचे आठ हप्ते, ९ लाख ६० हजार, तुम्ही त्याच त्या वर्षी पीपीएफमध्ये टाकले आणि विसाव्या वर्षापर्यंत ठेवले, तर आजच्या ७.१ टक्क्याने सव्वीस लाख होतात. पेड-अपचे तीन मिळवून २९. पॉलिसी चालू ठेवली तर २४. हा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, खाली येऊ शकतो. पण अर्धा-एक टक्का उतरला, तरी पारडं फिरत नाही. शिवाय पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी पाचशे रुपयेच भरले, तरी खातं चालू राहतं. कार्ड घासून हप्ता भरायची वेळ येत नाही.

सरेंडर करून ७२ हजार घ्यावेत का? तुमच्या बाबतीत नको. एफडी हाताशी आहे, तेव्हा ७२ हजारांसाठी पुढचे तीन लाख सोडायची घाई कशाला? पेड-अप करा.

पण एक काम त्याआधी. आज तुमच्या मिस्टरांना काही झालं, तर या पॉलिसीतून साधारण बारा लाख मिळतील. घरखर्च आणि हप्ता धरून ते दोन-सव्वादोन वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा जेमतेम अकरावीत असेल. एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, त्यांच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास पडेल. तंबाखू असेल तर जास्त, आणि असेल तर अर्जात लिहा, लपवू नका. टर्मची पॉलिसी हातात आली, की मगच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, म्हणजे डिसेंबरपर्यंत वेळ आहे. हप्त्यासाठी खात्याला किंवा कार्डाला ऑटो-डेबिट लावलं असेल, तर ते आत्ताच लेखी रद्द करा, नाहीतर ठरवूनही हप्ता जाईल. पेड-अप झाल्यावर मुदतीअखेर नेमके किती मिळणार, हे कंपनीकडून पत्रावर घ्या.

फसवून विकल्याची तक्रारही करा: आधी विमा कंपनीकडे, दाद न मिळाल्यास पुण्यातल्या विमा लोकपालांकडे, तिथे फी नाही. मात्र सह्या तुमच्या आहेत आणि तोंडी बोलण्याचा पुरावा नाही, तेव्हा त्या पैशांवर कुठलाही बेत आखू नका. त्या माणसाचे व्हॉट्सअॅपवरचे जुने मेसेज असतील, तर आजच जपून ठेवा.

आता एफडी. मुलीच्या नावाने ठेवलेली रक्कम मोडायला तुमचा जीव होत नाही, ते मी समजतो. पण एका खिशात साडेसहा-सात टक्के मिळवताना दुसऱ्यातून चाळीसच्या वर देताय, त्यात मुलीचंच नुकसान आहे. एक लाखातले ४८ हजार कार्डाला, १६ हजार पाण्याला, उरले ३६. नोव्हेंबरला भिशीचे ६० हजार येतील, त्यातून टर्मचा हप्ता गेला की दोन्ही मिळून सत्तर हजारांच्या आसपास हाताशी राहतात. आजच्या अकरा हजारांपुढे हे फार बरं. पीपीएफ खातं पाचशे रुपयांनी उघडून ठेवा, मोठे पैसे नंतर. गेल्या वर्षी तुम्ही हप्त्यासाठी स्वतःचे ६८ हजार जमवले होते, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार बाजूला पडतात. कार्डाचे २,४०० सुटले की आठ हजार. पहिले काही महिने ते संकटकाळासाठी साठवा, मग दर महिन्याला मुलीच्या नावाने आवर्ती ठेव. ती अकरावीला जाईपर्यंत लाख पुन्हा उभे राहतात.

एफडी मोडायला शाखेत जाल, तेव्हा तुम्हाला बसवून घेतील, चहा विचारतील आणि एखादी नवी योजना काढून दाखवतील. मोडण्याचा अर्ज भरा, पैसे बचत खात्यात आले की त्याच दिवशी कार्डाची पूर्ण बाकी भरा, आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. चालू महिन्याचं थोडं व्याज त्या स्टेटमेंटमध्ये येईल, तेही भरून टाका.